बागायत, जिरायत आणि गोठा एकत्र असलेल्या शेतासाठी दुसरा ट्रॅक्टर कसा निवडावा

पहिला ट्रॅक्टर घेताना शेतकरी बहुधा एकच प्रश्न विचारतो: आपली सगळी कामे कोणता ट्रॅक्टर करील? म्हणूनच महाराष्ट्रातील मिश्र शेती करणाऱ्या बहुतेक घरांत ४० ते ५० एचपीचा, दोन चाकी म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद जाणारा ट्रॅक्टर आढळतो, कारण नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी आणि ट्रॉली ही चारही कामे तो बऱ्यापैकी करतो. दुसऱ्या ट्रॅक्टरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. येथे सगळी कामे करणारे यंत्र शोधायचे नसून पहिला ट्रॅक्टर जिथे पोहोचू शकत नाही, किंवा पोहोचतो पण त्या दिवशी दुसरीकडे अडकलेला असतो, ती नेमकी कामे शोधायची असतात. ही कामे न मोजताच केलेली खरेदी पुष्कळदा पहिल्याच ट्रॅक्टरची दुसरी प्रत ठरते, आणि मग दोन्ही ट्रॅक्टर वर्षातले निम्मे दिवस शेडमध्ये उभे राहतात.

हा लेख समजण्यास सोपा जावा म्हणून एक नमुना शेत डोळ्यांसमोर ठेवू. संगमनेर, राहाता, कोपरगाव या भागात असते तसे हे १८ एकरांचे शेत आहे असे समजा: ५ एकर ऊस, ४ एकर डाळिंब, ३ एकर कांदा, ४ एकरांत खरिपाला सोयाबीन आणि नंतर गहू किंवा हरभरा, उरलेल्या २ एकरांत मका आणि हत्ती घास, शिवाय गोठ्यात दहा दुभत्या गाई. काही जमीन काळी व भारी, काही मुरमाड. घरी ४७ एचपीचा दोन चाकी ट्रॅक्टर, सहा फुटी रोटाव्हेटर, दोन फाळी पलटी नांगर, नऊ फणांचा मोगडा आणि एक ट्रॉली आहे. आपले शेत याहून लहान-मोठे असेल, पिके वेगळी असतील, पण हिशेबाची रीत तीच राहते.

पहिली पायरी: कामांची टक्कर कागदावर मांडा

एका वहीत वर्षाचे चोवीस पंधरवडे लिहून काढावेत आणि प्रत्येक पंधरवड्यासमोर ट्रॅक्टरची कामे, त्यांना लागणारे अंदाजे तास आणि ते काम किती दिवस पुढे ढकलता येते हे तीन रकाने भरावेत. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यातील नांगरट आठवडाभर पुढे गेली तर फारसे बिघडत नाही. पण काळ्या जमिनीत पेरणीचा वाफसा, म्हणजे पेरणीयोग्य ओल, दोन-चार दिवसच टिकतो आणि डाळिंबावर पाऊस उघडताच घ्यावयाची बुरशीनाशकाची फवारणी तर काही तासांच्या हिशेबात असते. गाईंचा चारा रोजच आणावा लागतो.

आपल्या नमुना शेतात अशी मांडणी केली की टक्कर कुठे होते ते लगेच दिसते. जून-जुलैमध्ये सोयाबीनच्या पेरणीचा वाफसा आणि मृग बहारातील डाळिंबाची फवारणी एकाच आठवड्यात येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची मळणी, रब्बीची मशागत आणि १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळातील पूर्वहंगामी उसाची लागण एकमेकांवर आदळतात. मार्चपासून कांद्याची काढणी आणि वाहतूक सुरू होते, त्याच वेळी खोडव्याची (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाची) पाचट कुट्टी आणि भर लावण्याची कामे असतात. ज्यांचा ट्रॅक्टर कारखान्याच्या ऊस वाहतुकीला करारावर जातो, त्यांच्या वहीत तर गळीत हंगामाचे चार-पाच महिने पहिल्या ट्रॅक्टरचा रकानाच कोरा राहतो, आणि त्यांच्यासाठी निवडीची सगळी गणिते बदलतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

क्षेत्रफळावरून एचपी ठरवण्याची सवय येथे उपयोगाची नाही. अठरा एकर म्हणजे अमुक एचपी असे कोष्टक विक्रेता सांगेल, परंतु अठरा एकर सलग गहू करणाऱ्याला जो ट्रॅक्टर हवा, तो डाळिंब आणि गाई असलेल्या अठरा एकरांना चालेलच असे नाही.

टक्कर झालेल्या कामांपुढे आणखी एक गोष्ट लिहावी: त्या दिवशी दुसरा ट्रॅक्टर चालवणार कोण? दोन ट्रॅक्टर आणि एकच चालक अशी स्थिती असेल तर टक्कर सुटत नाही, केवळ कर्ज वाढते. घरातील मुलगा, भाऊ किंवा पत्नी हलका ट्रॅक्टर चालवणार असतील, तर स्टिअरिंगचा हलकेपणा, आसनाची उंची, क्लचचा जडपणा आणि चढण्याची पायरी या बाबी निवडीच्या यादीत वर घ्याव्या लागतात.

दुसरी पायरी: ट्रॅक्टरशिवाय काम भागते का ते पाहा

टक्कर वर्षातून सात-आठ दिवसांचीच असेल, तर गावातील भाड्याचा ट्रॅक्टर हाच दुसरा ट्रॅक्टर होय. अडचण अशी की आपल्याला वाफसा आला तेव्हा गावातील सर्वांनाच आलेला असतो, त्यामुळे पेरणीसाठी भाड्यावर विसंबणे धोक्याचे असते. नांगरट, पाचट कुट्टी, मुरघासाची कापणी ही कामे मात्र भाड्याने करून घेणे बहुधा परवडते, कारण त्यांची यंत्रे महाग असतात आणि वर्षात थोडेच दिवस लागतात.

भाडे की मालकी, हे ठरवण्याचा हिशेब कठीण नाही. ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे मिळून ८ लाख रुपये लागले आणि दहा वर्षांनी त्याचे २ लाख येतील असे धरले, तर दरवर्षी ६० हजार रुपये घसारा होतो. सरासरी गुंतवणूक ५ लाख धरून तिच्यावर १० टक्के व्याज म्हणजे ५० हजार, आणि विमा व शेडचे १० हजार. म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी वर्षाला १ लाख २० हजार रुपये खर्च होतात. तो वर्षात ३०० तास चालला तर हा भार ताशी ४०० रुपये पडतो, ६०० तास चालला तर २०० रुपये. आता आपल्या भागातील भाड्याचा दर ताशी ९०० रुपये आहे आणि स्वतःच्या ट्रॅक्टरला डिझेल, चालक, ऑइल व दुरुस्ती मिळून ताशी ४५० रुपये लागतात असे मानू. फरक ४५० रुपयांचा. १ लाख २० हजाराला ४५० ने भागले की सुमारे २६७ तास येतात. याहून कमी तास काम असेल तर निव्वळ पैशांच्या दृष्टीने भाडेच स्वस्त आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावचा दर आणि आपल्या डिझेलचा खर्च घालून हाच भागाकार पुन्हा करावा.

या हिशेबात मिश्र शेतीचे एक वैशिष्ट्य समोर येते. चार एकर डाळिंबाची एक फवारणी पाणी भरण्याच्या वेळेसह दोन तासांत होते असे धरले, तर बहारात तीस-पस्तीस फवारण्या होऊनही सत्तर तासांच्या वर जात नाहीत. आंतरमशागत आणि उसाची भर धरूनही तास शंभर-सव्वाशेवर अडतात. पण गोठ्यासाठी रोज एक तास चारा, शेण आणि खाद्याची ने-आण होत असेल, तर वर्षाचे साडेतीनशे तास तेथेच भरतात. म्हणजे लहान ट्रॅक्टरला वेळेवर फवारणीचे मोल बाग देते, पण त्याचे तास गोठा भरून काढतो. ज्यांच्याकडे बाग आहे आणि जनावरे नाहीत, त्यांनी नव्याऐवजी जुन्या लहान ट्रॅक्टरचा विचार आधी करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: लहान, तेवढाच की मोठा?

टक्कर बागेची आणि गोठ्याची असेल, तर उत्तर १८ ते ३० एचपीच्या, शक्यतो चारही चाकांना ताकद जाणाऱ्या अरुंद ट्रॅक्टरकडे जाते. महिंद्रा जिवो २४५ डीआय, कुबोटा निओस्टार बी २४४१, जॉन डियर ३०२८ ईएन, स्वराज टार्गेट ६३० हे या गटातील आपल्याकडे दिसणारे ट्रॅक्टर आहेत. नावे गट समजावा म्हणून दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हेत. टक्कर मळणी, मशागत आणि वाहतुकीची असेल, तर पहिल्याएवढाच ४० ते ५० एचपीचा, बहुधा जुना, ट्रॅक्टर पुरतो. आणि टक्कर मुरघास, खोल नांगरट किंवा मोठ्या ट्रॉलीची असेल, तर नवा मोठा घेऊन आहे त्या ट्रॅक्टरला दुसऱ्या क्रमांकावर आणणे सोयीचे ठरते.

ऊस वाहतुकीवाल्यांसाठी बहुधा मधला पर्याय योग्य असतो. त्यांचा चांगला ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर असताना घरी मशागत आणि पेरणी करू शकेल असा, सध्याचीच सहा फुटी अवजारे ओढणारा ट्रॅक्टर त्यांना हवा असतो. अशा घरात मिनी ट्रॅक्टर आला तर ऑक्टोबरमध्ये रब्बीची मशागत पुन्हा भाड्यावर जाते.

५० एचपीच्या वर जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जानेवारी २०२३ पासून या गटातील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यामुळे या इंजिनांत कॉमन रेल इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले, किंमत वाढली, आणि दोष शोधण्यासाठी गावच्या मिस्त्रीच्या पान्यांबरोबर कंपनीच्या तंत्रज्ञाचा संगणकही लागू लागला. ४९-५० एचपीच्या आसपास इतकी मॉडेल्स का दाटली आहेत, याचे एक कारण ही सीमारेषा आहे. मोठ्या ट्रॅक्टरचे काम खरोखर असेल तर हा खर्च टाळू नये, परंतु केवळ पाच एचपी जास्त हवेत म्हणून ही रेषा ओलांडण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: एचपीऐवजी पीटीओ, वजन आणि उचल वाचा

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेले एचपी इंजिनाचे असतात. रोटाव्हेटर, ब्लोअर (बागेत हवेच्या झोताने फवारणी करणारे यंत्र), कुट्टी यंत्र आणि थ्रेशर यांच्यापर्यंत पोहोचते ती पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची ताकद, आणि ती साधारणपणे इंजिनाच्या ८५ ते ९० टक्के असते. २४ एचपीच्या ट्रॅक्टरकडून २० ते २१ पीटीओ एचपीची अपेक्षा ठेवावी. रोटाव्हेटरसाठी ठोकळ हिशेब असा की भारी जमिनीत रुंदीच्या दर फुटाला ७ ते ८ एचपी लागतात. म्हणून २४ एचपीला तीन फुटी, २८-३० एचपीला चार फुटी, ४० एचपीला पाच फुटी आणि ४७ एचपीला सहा फुटी रोटाव्हेटर जुळतो. मुरमाड जमिनीत थोडी सवलत मिळते, ओल्या काळ्या मातीत मिळत नाही.

कामाचा वेगही रुंदीवरूनच निघतो. मीटरमधील रुंदी, ताशी किलोमीटरमधील वेग आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार करून १० ने भागले की ताशी हेक्टर मिळतात. पाच फुटी म्हणजे दीड मीटरचा रोटाव्हेटर ताशी ३ किलोमीटरने आणि ७५ टक्के कार्यक्षमतेने चालवला, तर तासाला ०.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ०.८४ एकर होतो. तीन फुटीने त्याच वेगात अर्धा एकर होतो. मिनी ट्रॅक्टरवर चार एकर रब्बीची मशागत करण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने हा आकडा आधी वहीत उतरवावा.

पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांचा हे प्रमाण आहे, पण तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो हे मॉडेलागणिक बदलते. काही ट्रॅक्टरांत कमी इंजिन वेगावर ५४० देणारा ‘इकॉनॉमी’ पर्याय असतो आणि ब्लोअर किंवा कुट्टीसारख्या हलक्या कामाला तो डिझेल वाचवतो. काही लहान ट्रॅक्टरांत ७५० किंवा १००० फेऱ्यांचीही सोय असते. ५४० साठी बनवलेले अवजार चुकून त्या वेगाने फिरवले तर अवजार मोडते आणि माणसालाही इजा होऊ शकते. ब्लोअर चालू ठेवून ओळीच्या टोकाला गिअर बदलायचा असेल, तर दुहेरी किंवा स्वतंत्र क्लच घ्यावा. एकेरी क्लचवर पाय दाबला की पीटीओही थांबतो, फवाऱ्याचा दाब पडतो आणि ओळीच्या सुरुवातीची झाडे अर्धवट राहतात.

हायड्रोलिक उचलीबाबत माहितीपत्रकात दोन प्रकारचे आकडे असतात. खालच्या जोडदांड्यांच्या टोकावर मोजलेला आकडा मोठा दिसतो. टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला आकडा प्रत्यक्षाच्या जवळ असतो, कारण अवजाराचे वजन टोकावर नसून मागे लटकते. ट्रॅक्टरवर टांगलेल्या ४०० लिटरच्या ब्लोअरमध्ये नुसते पाणीच ४०० किलो असते, त्यात टाकी, पंप आणि पंख्याचे वजन मिळवावे. उचल पुरली तरी पुढची चाके हलकी झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही. अवजार उचललेले असताना ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहावा. तो राहत नसेल तर पुढे वजने लावावीत, किंवा टांगलेल्या ब्लोअरऐवजी स्वतःच्या चाकांवर चालणारा घ्यावा. चढउताराच्या बागेत दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे, पण त्याला वळायला जागा जास्त लागते.

घरची अवजारे नव्या ट्रॅक्टरला जोडता येतील असे गृहीत धरू नये. पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात, दुसऱ्या श्रेणीत २८ मिलिमीटरच्या, आणि अनेक अरुंद ट्रॅक्टरांत जोडदांड्यांमधले अंतरही कमी असते. सहा फुटी रोटाव्हेटर, दोन फाळी नांगर आणि नऊ फणांचा मोगडा लहान ट्रॅक्टरच्या उपयोगाचे नाहीत. त्यामुळे लहान ट्रॅक्टरच्या किमतीत ब्लोअर, लहान रोटाव्हेटर, पाच फणांचा मोगडा, भर लावण्याचा रिजर आणि छोटी ट्रॉली यांची किंमत मिळवूनच तुलना करावी.

कंपनीच्या आकड्यांची पडताळणी करायची असेल, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे चाचणी अहवाल पाहावेत. त्यांत पीटीओची ताकद, ओढण्याची क्षमता, डिझेलचा वापर, उचल, वळण्याचा घेर आणि आवाज यांची मोजमापे असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल हक्काने मागावा.

पाचवी पायरी: फीत घेऊन बागेत जा

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने सांगितलेले ४.५ × ३ मीटर अंतर घेतले, तर दोन ओळींत सुमारे पंधरा फूट मिळतात. पण ते कागदावर. पाच वर्षांच्या बागेत फांद्या दोन्ही बाजूंनी पुढे येतात, फळांच्या भाराने वाकतात, आणि प्रत्यक्ष मोकळी वाट निम्म्याहून कमी उरते. म्हणून छाटणीनंतर मोजू नये. फळे भरलेली असताना सर्वांत अरुंद ओळ मोजावी आणि ट्रॅक्टर व अवजार यांतील जे अधिक रुंद असेल त्याच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक फूट मोकळा राहील असे पाहावे. द्राक्षबागेत आठ-नऊ फुटी ओळीबरोबरच तारांची उंची मोजावी लागते. तेथे चालकाचे डोके, स्टिअरिंग आणि सायलेन्सर तारेखालून गेले पाहिजेत. सायलेन्सर खाली वळवलेला असणे आणि मागची सुरक्षा कमान दुमडता येणे या दोन सोयी द्राक्षवाल्यांनी आग्रहाने मागाव्यात. ऊस चार-साडेचार फुटांच्या सरीवर असेल तर भर लावण्यासाठी चाकांमधले अंतर सरीशी जुळवता येते का आणि ट्रॅक्टरच्या पोटाखालून ऊस किती उंचीपर्यंत न मोडता जातो, हेही तपासावे.

ओळीच्या टोकाला बांधापर्यंत किती जागा आहे हे मोजायचे विसरले जाते. वळण एका दमात न घेता मागे-पुढे करून घ्यावे लागले, तर चार एकरांच्या फवारणीत अर्धा तास त्यातच जातो. चार चाकी ट्रॅक्टर ओल्या जमिनीत आणि चढावर निश्चितच उजवा ठरतो, पण वळणाचा घेर काही मॉडेल्समध्ये मोठा असतो. शिवाय त्याची पुढची चाके मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. म्हणून डांबरी रस्त्यावर पुढची ताकद बंद करूनच चालवावा, आणि टायर बदलताना पुढच्या-मागच्या मापांचे प्रमाण कंपनीने दिले तेच ठेवावे. नाहीतर टायर झिजतात आणि गिअरपेटीवर ताण येतो.

लहान ट्रॅक्टरची ट्रॉली ही स्वतंत्र काळजीची बाब आहे. ओढण्याएवढीच थांबवण्याची ताकद महत्त्वाची असते. गोठ्यासाठी एक-दीड टनाची ट्रॉली पुरते. कांद्याच्या गोण्या भरलेली घरची मोठी ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला जोडून घाटात किंवा उतारावर नेली, तर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. तेलात बुडालेले ब्रेक घ्यावेत आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेलेच ठेवावेत.

सहावी पायरी: आपल्या रानात चालवून पाहा

प्रात्यक्षिक दुकानाच्या अंगणात किंवा विक्रेत्याने निवडलेल्या भुसभुशीत रानात मान्य करू नये. आपल्या सर्वांत भारी तुकड्यात, आपल्याला घ्यावयाच्या अवजारासह, टाकी काठोकाठ भरून काम सुरू करावे आणि दोन तासांनी त्याच जागी, त्याच सपाटीवर पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे डिझेल लागले तेवढे त्या कामाचे खरे प्रमाण. काम करताना ५४० चा वेग टिकतो का, इंजिन दबते का आणि काळा धूर येतो का ते पाहावे. मागचे चाक किती घसरते याचा अंदाज घेण्यासाठी चाकावर खडूची खूण करून दहा फेऱ्यांचे अंतर एकदा भाराशिवाय आणि एकदा भारासह मोजावे. भारासह अंतर १०-१५ टक्क्यांनी घटले तर ठीक, त्याहून बरेच जास्त घटले तर वजन कमी आहे किंवा अवजार मोठे आहे. जो रोज चालवणार आहे त्यालाच बसवावे, विक्रेत्याच्या तरबेज चालकाला नव्हे.

सातवी पायरी: जुना घ्यायचा असेल तर

जुना ट्रॅक्टर पूर्ण थंड असताना पाहावा; मालकाने आधीच सुरू करून गरम ठेवला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण उघडून तेथून धुराचे झोत येतात का ते पाहावे. येत असतील तर पिस्टन-लायनर झिजले आहेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची तवंग किंवा गिअर ऑइल दुधाळ झालेले असेल तर तेथूनच परत फिरावे. वजनदार अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि पंधरा मिनिटांत ते किती खाली येते ते बघावे. पीटीओवर भार देऊन क्लच घसरतो का, भारावर गिअर आपोआप सुटतो का, पुढच्या आसाच्या बुशिंगमध्ये ढिलाई आहे का, हे पुढचे तपास आहेत. तासमापक बदलता येतो. झिजलेली पेडले, गुळगुळीत स्टिअरिंग आणि टायरवरचा निर्मितीचा आठवडा-वर्ष सांगणारा चार अंकी क्रमांक खोटे बोलत नाहीत.

ट्रॅक्टर पूर्वी कोणते काम करत होता हे विचारून घ्यावे. ऊस वाहतुकीत राबलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक, डिफरन्शियल आणि मागचा आस आधी थकतात. ट्रॉलीच्या हूकभोवती वेल्डिंगचे थर दिसले तर किंमत त्या हिशेबाने मागावी. भाताच्या चिखलणीतून आलेल्या ट्रॅक्टरच्या सिलांमधून पाणी-चिखल आत गेलेला असू शकतो.

कागदपत्रांत इंजिन व चेसिस क्रमांक आरसीशी स्वतः जुळवून पाहावेत. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५, हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि परराज्यातून आणलेला असेल तर नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, म्हणून बारा-तेरा वर्षांचा ट्रॅक्टर घेताना नूतनीकरणाचा खर्च आणि त्रास किमतीतून वळता करावा.

आठवी पायरी: अनुदान, कर आणि कर्ज

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के, तर ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग यांवरील १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे त्याआधीची दरपत्रके तुलनेला घेऊ नयेत, आणि जुन्या ट्रॅक्टरची किंमत ठरवताना ‘नवा एवढ्याला पडतो’ हा मालकाचा आकडाही नव्या दराने तपासावा.

राज्यात ट्रॅक्टरसाठी अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना अलीकडच्या वर्षांत कमाल सव्वा लाख आणि इतरांना एक लाख रुपये अशी मर्यादा राहिली आहे. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केल्यास अनुदान मिळत नाही. दुसरा ट्रॅक्टर घेणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी अट अशी की एकदा एखाद्या घटकाचा लाभ घेतला की त्याच घटकासाठी पुढील दहा वर्षे अर्ज करता येत नाही. पहिला ट्रॅक्टर अनुदानावर घेतला असेल, तर त्याच नावावर दुसऱ्यांदा ट्रॅक्टरमागे न लागता ब्लोअर किंवा रोटाव्हेटरसारख्या अवजारांसाठी अर्ज करावा. घरात ट्रॅक्टर असणे तेथे अडचण नसून पात्रतेचाच भाग ठरते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना समाजकल्याण विभागाच्या योजनेत ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधने ९० टक्के अनुदानावर मिळतात. गटातील सदस्याची गरज त्यातून भागत असेल तर स्वतंत्र कर्जाचा विचार नंतर करावा.

कर्जाचे हप्ते मासिक न घेता सहामाही मागावेत आणि त्यांच्या तारखा आपल्या पिकांच्या पैशाशी जुळवाव्यात. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो म्हणून मासिक हप्ता सोपा वाटतो, पण उन्हाळ्यात दूध घटते आणि खाद्य महागते, हे विसरू नये.

शेवटचा निकष दुकानाचा. त्याच कंपनीचा दुसरा ट्रॅक्टर घेतला तर फिल्टर, ऑइल आणि मिस्त्री एकच राहतात, ही मोठी सोय आहे, पण ती तालुक्याच्या ठिकाणच्या सेवाकेंद्राचा अनुभव चांगला असेल तरच. व्यवहार करण्याआधी तेथे जाऊन निवडलेल्या मॉडेलची क्लच प्लेट, हायड्रोलिक पंपाचे सील आणि फिल्टर हे तीन भाग आज मिळतील का, एवढेच विचारावे. वर्षाअखेरीस मिळणारी सूट घेताना बिलावर आणि आरसीवर निर्मितीचे वर्ष कोणते लागणार ते पाहावे, कारण विकताना जानेवारी आणि डिसेंबर यांत एका वर्षाचा फरक धरला जातो.

ट्रॅक्टर ताब्यात घेताना चेसिस व इंजिन क्रमांक बिलाशी जुळवावेत, पीटीओ शाफ्टचे आवरण, हत्यारांची पेटी, पुढची वजने आणि ठरलेली उपसाधने यादीप्रमाणे मोजून घ्यावीत आणि विम्याची पावती हाती आल्यावरच रस्त्यावर काढावा. पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्यांत ५० तासांना असते. तोपर्यंत पूर्ण भार देऊ नये, पण नुसता रिकामाही फिरवू नये, मध्यम भाराची आंतरमशागत किंवा चाऱ्याची वाहतूक करून घ्यावी. ५० तासांच्या सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलण्याबरोबर चाकांचे बोल्ट, पुढच्या आसाचे बोल्ट आणि हेड यांची कसणी समोर उभे राहून करून घ्यावी, आणि त्या दिवशीचे तास सेवापुस्तिकेत लिहून शिक्का घ्यावा.